दोन तासांची मालकीण

माझ्या धाकट्या जावेने नगरला फ्लॅट घेतला तेव्हा मला अतिशय आनंद झाला, असं मी भेटेल त्याला सांगत होते. सांगावंच लागत होतं, कारण माझ्या चेहऱ्यावरून कुणाला तसं वाटत नव्हतं.

रुपाली ही माझ्या दिराची, संतोषभाऊजींची बायको. माझ्याहून सात वर्षांनी लहान. लग्न होऊन आली तेव्हा तिला नीट गॅस पेटवता येत नव्हता, तो मी शिकवला. आता तीच मला हाताला धरून सावेडीतल्या तिसऱ्या मजल्यावर स्वतःचं स्वयंपाकघर दाखवत होती. वास्तुशांतीचा दिवस होता. ओट्याखाली एक खण होता. तो ढकलला की शेवटच्या चार बोटांना स्वतःच थबकतो आणि हळूच, आवाज न करता मिटतो, असं तिने सांगितलं. मी ढकलून बघितला. खरंच मिटला. मी पुन्हा ढकलला. तिसऱ्यांदा जरा जोरात ढकलला, निदान आपटेल तरी या आशेने. नाही आपटला मेला. आमच्या संगमनेरच्या भाड्याच्या घरात असलाच खण उघडायचा तर एक पाय भिंतीला लावावा लागतो, आणि तो मिटला की खालच्या मजल्यावरची माणसं वर बघतात.

परतीच्या एसटीत मी यांना म्हटलं की आपणही आता घर बघायला पाहिजे, या दोन खोल्यांत मुलीचा अभ्यास होत नाही. हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मुलगी दोन वर्षं पुण्याला हॉस्टेलवर आहे."

आमचे हे दूध संघाच्या लॅबमध्ये आहेत. दिवसभर दुधात पाणी किती ते बघतात, त्यामुळे माणसाच्या बोलण्यात पाणी किती हेही त्यांना पहिल्या घोटात कळतं. पण घर घ्यायचं त्यांच्याही मनात होतं. त्यांच्या अटी दोनच होत्या. कागद स्वच्छ पाहिजेत आणि कर्ज झेपेल एवढंच पाहिजे. माझी अट एकच होती, पण ती मी बोलून दाखवली नाही. रुपालीकडे आहे ते सगळं, अधिक एक.

ते 'अधिक एक' काय असावं यावर मी बराच विचार केला होता. तिच्याकडे तीन बेडरूम होत्या. तिच्याकडे लिफ्ट होती. तिच्याकडे दारावर असा कॅमेरा होता की बेल वाजवणाऱ्याचं नाक आत मोठं दिसायचं (माझं दिसलं होतं). तिच्याकडे नव्हतं ते फक्त अंगण. तेव्हा ठरलं. मला अंगण पाहिजे, आणि अंगणात झोपाळा पाहिजे, आणि त्यावर मी बसलेली असताना रुपालीने फाटक उघडून आत आलं पाहिजे.

नामदेव नावाचा एक एजंट कुणीतरी सुचवला. तो स्कूटीवर पुढे आणि आम्ही मोटरसायकलवर मागे, असं आमचं घर शोधणं सुरू झालं. मी शिवणकाम करते, त्यामुळे पर्समध्ये कायम टेप असतो. हे कागद बघायचे आणि मी माप घ्यायची.

पहिला फ्लॅट हायवेला लागून होता. नामदेव गॅलरीत उभा राहून फ्लॅटचे गुण सांगत होता, पण खालून ट्रक जात असल्यामुळे आम्हाला त्याचं फक्त तोंड हलताना दिसत होतं. तिथल्या 'मास्टर बेडरूम'ला मी टेप लावला. पलंग टाकला तर दार उघडणार नव्हतं आणि दार उघडलं तर पलंग टाकता येणार नव्हता. मी नामदेवला सांगितलं की ब्लाऊज इतका घट्ट शिवला तर गिऱ्हाईक परत आणून अंगावर टाकतं.

दुसरा प्लॉट होता. म्हणजे प्लॉट असल्याचं नामदेवचं म्हणणं होतं. आम्हाला ऊस दिसत होता, डोक्याच्या वर गेलेला. नामदेव म्हणाला, इथून रस्ता येणार, इथे बगीचा होणार. त्या होणाऱ्या बगीच्यातून विळा घेतलेले एक गृहस्थ बाहेर आले आणि त्यांनी अतिशय शांतपणे विचारलं की आम्ही कोणत्या भावाकडून आलो आहोत. दोघा भावांचा दावा चालू होता. हे दोन्ही हात मागे बांधून म्हणाले, आम्ही कोणाकडूनच नाही, आम्ही रस्ता चुकलो. यांना खोटं बोलताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

तिसरं रो-हाऊस मात्र खरंच चांगलं होतं. आत गेलो तर हॉलमध्ये घरमालकाची म्हातारी आई टीव्हीवर मालिका बघत बसली होती. घर बघायला आलोय म्हटल्यावर तिने टीव्हीचा आवाज बारीक केला. "बघा की," ती म्हणाली. "पोराला इकू द्या. मी काय हितून हलत न्हाई. जो कोन येईल त्याच्यासंगट ऱ्हाईन." मुलगा तिच्याकडे डोळे वटारून बघत होता. तिने मला शेजारी बसवून मालिकेतली कोणती सून लबाड आहे ते सांगितलं. आम्ही चहा घेऊन निघालो. बाहेर आल्यावर हे म्हणाले की कागद ठीक होते, पण म्हातारीचा उल्लेख कुठे नव्हता.

आणि मग तो बंगला.

नामदेवने आधीच सांगितलं होतं की हा आपल्या हिशेबाबाहेरचा आहे, पण वाटेत आहे तर बघून घ्या. बसका, कौलारू पोर्चचा बंगला. फाटकाशी जास्वंद. समोर फरशी घातलेलं अंगण, आणि अंगणात पितळी कड्यांचा, सागवानी, दोन माणसं ऐसपैस बसतील असा झोपाळा. मी फाटकातच उभी राहिले. यांना वाटलं मला चक्कर आली.

मालक निवृत्त तलाठी होते. आमच्या भागात तलाठ्याला भाऊसाहेब म्हणतात. नोकरी संपली तरी हे भाऊसाहेबच राहिले होते. मुलगा पुण्याला या म्हणून मागे लागला होता, म्हणून घर विकायला काढलं होतं. पण भाऊसाहेबांनी किंमत अशी सांगितली की यांनी हातातला चहाचा कप फार सांभाळून बशीत ठेवला. मला तेव्हाच शंका आली की या माणसाला घर विकायचं नाही, नुसतं लोकांना घाबरवून परत पाठवायचं आहे. त्यांची बायको, म्हणजे काकू, मात्र गोड होत्या. मला सगळं घर दाखवलं. झोपाळ्यावर बस म्हणाल्या. मी बसले. त्यांनीच माझ्या मोबाईलवर माझा फोटो काढला.

घरी येऊन तो फोटो मी माझ्या बहिणीला पाठवला. खाली लिहिलं, "घर असावं तर असं." पाठवल्यावर लक्षात आलं की तो बहिणीला गेला नव्हता. सासरच्या ग्रुपवर गेला होता.

मिनिटाच्या आत रुपालीचा मेसेज आला. "अय्या ताई, घेतलंत? अभिनंदन!"

आता खरं सांगायचं तर माझ्यापुढे वाट अगदी सरळ होती. मी लिहिलंसुद्धा, "नाही गं, नुसतं बघायला गेलो होतो." लिहून वाचलं. किती केविलवाणं दिसत होतं ते वाक्य! मी ते पुसलं. मग माझ्या अंगठ्याने, माझी परवानगी न घेता, लिहिलं, "हो. आईंच्या आशीर्वादाने."

त्यानंतर अभिनंदनांची जी रांग लागली ती मी आनंदाने वाचत बसले. हे त्या ग्रुपवर आहेत, पण ते तो उघडतच नाहीत, त्याचा आवाजही बंद करून ठेवलाय. घरच्या माणसांच्या सुप्रभाताने लॅबमध्ये मोबाईल वाजत राहतो म्हणून. मी मनाशी म्हटलं, चार दिवसांनी सांगू की व्यवहार फिसकटला. व्यवहार काय, फिसकटतातच.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंचा फोन आला. त्या देवळाली प्रवऱ्याजवळ गावी असतात. त्यांनी गावात सांगून टाकलं होतं. दूध घालायला गेल्या तिथे सांगितलं, पिठाच्या गिरणीत सांगितलं, आणि आता रविवारी सगळ्यांना पिकअपमध्ये घालून त्या घर बघायला येणार होत्या. रुपाली आणि भाऊजी नगरहून गाडीने येणार होते. मी म्हटलं, आई, अजून रंग चाललाय. त्या म्हणाल्या, "मंग आमी अंगनात बसू. झोपाळा हाय ना?" मी म्हटलं, किल्ली अजून मिळाली नाही. त्या म्हणाल्या, "मंग फोटू काय कंपाउंडावरनं उडी मारून काढला व्हय?"

माझ्या सासूबाई शाळेत गेल्या असत्या तर वकील झाल्या असत्या.

शुक्रवारी दुपारी मी बंगल्यावर गेले. भाऊसाहेब झोपले होते. काकू झोपाळ्यावर शेंगा निवडत होत्या. मी त्यांच्याशेजारी बसून सगळं सांगितलं. खणापासून सांगितलं. सांगताना दोनदा रडू आलं, एकदा लाजेने आणि एकदा तो खण आठवून. शेवटी विचारलं की रविवारी दोन तास हे घर माझं आहे असं मी म्हटलं तर चालेल का. मला वाटलं आता या उठून फाटक दाखवतील.

काकूंनी शेंगांची परडी बाजूला ठेवली. समोरच्या बंद घराकडे बोट केलं.

"तिथे माझी जाऊ राहायची," त्या म्हणाल्या. "तिने दारात कमान केली, म्हणून मी हा झोपाळा करवून घेतला. वीस वर्षं मी इथे बसायची आणि ती पडद्याआडून बघायची. गेल्या वर्षी लेकाकडे गेली. आता कुणी बघायलाच नाही, तर बसून काय करू?"

मग त्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली आणि सांगितलं की भाऊसाहेब रविवारी दहा ते एक पेन्शनरांच्या मीटिंगला असतात. तेवढा वेळ घर माझं. त्या स्वतः शेजारीण म्हणून येतील. त्यांचे डोळे असे चमकत होते की मला त्यांचीच थोडी भीती वाटली.

यांना मी रविवारी सकाळी सांगितलं. हे दाढी करत होते. अर्धी दाढी तशीच ठेवून त्यांनी सगळं ऐकलं, आणि म्हणाले की मी खोटं बोलणार नाही. मग बराच वेळ आरशात बघून म्हणाले, "गप्प मात्र बसू शकतो."

रुपाली आणि भाऊजी नगरहून आले आणि साडेदहाला पिकअप आला. त्यातून सासूबाई उतरल्या, त्यांच्यामागे दोन चुलतसासवा, एक आतेसासू आणि बाकी अशी माणसं की ज्यांच्याशी आमचं नातं काय हे मला लग्नापासून कुणी सांगितलेलं नाही. प्रत्येकाच्या हातात आहेर होता. भिंतीवरचं घड्याळ, स्टीलची कळशी, देवाची तसबीर. सासूबाईंनी कापडात बांधलेला भला मोठा कोहळा आणला होता. नव्या घराला नजर लागू नये म्हणून तो दारावर टांगायचा होता.

मी म्हटलं, नंतर टांगू. त्या म्हणाल्या, नजर काय नंतर लागते का. यांच्या हातात हातोडी आली. हे स्टुलावर चढले. भाऊसाहेबांची ती सागवानी चौकट, वर नक्षी, पॉलिश असं की तोंड दिसावं. यांनी खिळा धरला आणि माझ्याकडे बघितलं. अशा नजरेने यांनी माझ्याकडे कन्यादानाच्या वेळीसुद्धा बघितलं नव्हतं. मग ठोकला. पहिला खिळा वाकला. दुसरा बसला.

आत गेल्यावर सासूबाईंनी देवघर विचारलं. मी मोठ्या आत्मविश्वासाने एक दार उघडलं. आत कमोड होता. काकू, म्हणजे शेजारीण, मागून हळूच म्हणाल्या, त्याच्या पलीकडचं. चहा करायला गेले तर साखर सापडेना. शेजारीण म्हणाली, डाव्या कपाटात, वरच्या फळीवर, निळ्या डब्यात, आणि आलं फ्रिजच्या दारात. सासूबाई बघतच राहिल्या. म्हणाल्या, "शेजार लई चांगला मिळाला गं तुला. सगळं ठाव हाय बाईला."

हॉलमध्ये भाऊसाहेब आणि काकूंचा लग्नातला फोटो तसाच होता. तो काढायचा राहिला होता. मी सांगितलं की जुन्या मालकांचा आहे, न्यायचा राहिलाय. आतेसासूने जवळ जाऊन बघितलं आणि म्हणाली, नवरीला कुठंतरी बघितल्यागत वाटतंय. काकू लगबगीने पापड तळायला गेल्या.

हे एका कोपऱ्यात खुर्चीवर बसून होते आणि एक शब्द बोलत नव्हते. चुलतसासवांचं असं मत पडलं की पोराला आनंदाने बोलवेना झालंय.

आणि याच सगळ्यात ती वेळ आली, जिच्यासाठी मी हे केलं होतं. रुपाली अंगणात गेली. झोपाळ्यावर टेकली. पायाने एक झोका घेतला आणि थांबली. कड्यांवरून हात फिरवला. जास्वंदीकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर एक रंग चढला. मी तो लगेच ओळखला. तीन महिने रोज सकाळी आरशात मी तोच बघत होते.

मी खिडकीतून बघत होते. हातात चहाचा ट्रे होता. मला इतकं सुख झालं की ट्रेमधले कप वाजायला लागले. ते टिकलं बहुतेक सहा-सात मिनिटं. आयुष्यात मला एवढं निर्भेळ सुख बाळंतपणानंतरही झालं नव्हतं.

मग फाटक वाजलं.

पेन्शनरांच्या अध्यक्षांना सर्दी झाली होती. मीटिंग रद्द झाली होती. भाऊसाहेब फाटकात उभे होते. त्यांनी आधी दारातला पिकअप बघितला. मग चपलांचा ढीग बघितला. मग चौकटीवरचा कोहळा बघितला आणि त्याकडे फार वेळ बघत राहिले.

सासूबाई पुढे झाल्या. म्हणाल्या, "या की, बसा. घर बघायला आला का?"

"कुणाचं घर?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"माज्या सुनेचं."

दुसरा कुणी असता तर ओरडला असता. पण या माणसाची सगळी नोकरी जमिनीच्या वादात गेली होती. त्यांनी चष्मा पुसला आणि नोंदवही उघडून बसल्यासारख्या आवाजात विचारलं, की सिटी सर्व्हे नंबर काय, खरेदी कधी झाली आणि कब्जा कोणाकडे आहे. सासूबाईंना यातलं काही कळलं नाही. त्यांनी मला हाक मारली.

मी ट्रे घेऊन बाहेर आले. सगळे माझ्याकडे बघत होते. रुपाली झोपाळ्यावरून उठून उभी राहिली होती. आत्ता सांगून टाकावं असं मला वाटलं, अगदी मनापासून वाटलं. तोंड उघडलं.

"आई," मी म्हणाले, "हे आपले भाडेकरू."

पिकअपचा ड्रायव्हर पान खात होता, तोही थांबला. भाऊसाहेबांनी जन्मभर शेकडो लोकांना तोंडावर सांगितलं असेल की ही जमीन तुमची नाही. त्यांना तसं कुणी पहिल्यांदाच सांगत होतं. त्यांनी माझ्या खांद्यावरून आत बघितलं. दाराआड काकू तोंडात पदर कोंबून उभ्या होत्या, आणि त्यांचे खांदे हलत होते.

"कुसुम," भाऊसाहेब म्हणाले, "आपण भाड्याने कधीपासून राहायला लागलो?"

काकूंचं हसू फुटलं ते थांबेचना. त्या खाली पायरीवरच बसल्या. आणि तेव्हा आमचे हे, सकाळपासून मुके असलेले, खुर्चीवरून उठून बाहेर आले आणि स्वच्छ आवाजात म्हणाले की घर भाऊसाहेबांचं आहे, त्यांच्याच मालकीचं आहे, आपण घेतलेलं नाही आणि घेऊ शकत नाही. आपण इथे फक्त चहा प्यायला आलोय.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा पडला. गावात दूध घालायला जाताना कोणाकोणाला काय सांगावं लागणार हे त्यांना दिसत असावं. मला वाटलं आता चारचौघांत माझी सालटी काढतील. पण त्यांना भलतीच काळजी पडली होती.

"मंग कोहळा कुनाच्या दाराला बांधला आपुन?"

हे स्टूल शोधायला लागले. भाऊसाहेबांनी हात वर केला. "राहू द्या," ते म्हणाले, आणि माझ्याकडे बघून पुढे म्हणाले, "नजर तर लागलीच होती घराला."

मी ट्रे खाली ठेवला आणि तिथेच फरशीवर बसून रडले. यावेळी सरळ लाजेने. काकूंनी सगळ्यांना पापड दिले. चुलतसासवांनी खाल्ले. खाऊन झाल्यावर म्हणाल्या, आलोच आहोत तर जेवूनच जावं. भाऊसाहेबांच्या घरात त्या दिवशी आमच्याकडची वीस माणसं पिठलं-भाकरी जेवली, भाऊसाहेब स्वतः वाढत होते, आणि आतेसासूने त्यांच्याकडून आपल्या बांधाच्या भांडणाचा फुकट सल्लाही घेतला.

निघताना रुपाली माझ्याजवळ आली. मी मान वर केली नाही. ती म्हणाली, "ताई, एवढं कशाला केलंत? माझ्या त्या फ्लॅटमध्ये काय आहे? हे सकाळी जातात ते रात्री येतात. मी खण उघडते आणि मिटते. तुमच्याकडे दादा दुपारी जेवायला घरी येतात, दोघं एका ताटात लोणचं घेता. मी दर वेळी तुमच्याकडून गेले की चार दिवस यांच्याशी भांडते."

तिचे डोळे भरले होते. मी तिला जवळ घेतलं. वाईट वाटलं मला, खरंच वाटलं. पण खोटं कशाला बोलू, आता तर मुळीच नाही. रुपाली माझ्या दोन खोल्यांचा हेवा करते हे ऐकून मला इतकं बरं वाटलं की दोन दिवस मी यांना लोणचं जास्त वाढत होते.

त्यानंतरचे दोन महिने माफी मागण्यात गेले. ग्रुपवर एकदाच मागून भागलं नाही. प्रत्येकाला ती वेगळी, फोनवर आणि पहिल्यापासून हवी होती. आतेसासूला दोनदा मागावी लागली, कारण पहिल्या वेळी तिच्याकडे शेजारीण आली होती आणि तिला स्पीकरवर ऐकायचं होतं. आहेर परत न्यायला कुणी तयार नव्हतं. सासूबाईंनी सांगून ठेवलं की आमचा एकदा झालाय, आता खरं घर घ्या नायतर राजवाडा घ्या, आमच्याकडून पुन्हा काही यायचं नाही.

भाऊसाहेबांची माफी मागायला मी यांना घेऊन गेले. भाऊसाहेबांनी ती ऐकून न घेता यांच्या हातातली फाईल मागितली. घरांच्या कागदांची होती. चष्मा लावला, पहिलं पान उलटलं, आणि निवृत्तीनंतर बहुधा पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उजळला. तासाभरात त्यांनी आम्हाला आवडलेल्या तीन घरांपैकी दोन घरं मोडीत काढली. पुढे दर रविवारी नामदेव, हे आणि भाऊसाहेब असे तिघे फिरायला लागले. नामदेव त्यांच्यासमोर 'इथून रस्ता येणार' असं म्हणायचा पूर्ण बंद झाला. बंगला विकायचा बेत भाऊसाहेबांनी सोडून दिला होता. काकू म्हणाल्या, त्या रविवारी घर भरलेलं बघितलं, तेव्हापासून पुण्याचं नाव काढत नाहीत.

शेवटी आम्हाला मिळालं ते कॉलेजच्या मागच्या बाजूचं छोटं रो-हाऊस. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे एवढीशी जागा की तिला अंगण म्हणायचं तर आवाज बारीक करावा लागतो. पण कागद असे की भाऊसाहेबांनी दोनदा वाचून म्हटलं, यात मला काही सापडत नाही, आणि ते सांगताना त्यांना थोडं वाईटच वाटलं.

खरेदीच्या दिवशी नोंदणी कार्यालयात ओळख पटवायला साक्षीदार लागतात. भाऊसाहेब आणि काकू आले. टेबलामागच्या साहेबांनी मान वर न करता भाऊसाहेबांना विचारलं की या बाईंना ओळखता का.

"चांगलं ओळखतो," भाऊसाहेब म्हणाले.

त्या 'चांगलं'वर त्यांनी असा जोर दिला की माझ्या तळहाताला घाम फुटला. मशीनवर अंगठा ठेवला तर ठसाच उमटेना. पदराने पुसला, पुन्हा ठेवला. मागे रांग खोळंबली होती. हे शेजारी नवा शर्ट घालून ताठ उभे होते. साहेबांनी दस्त माझ्यापुढे सरकवला, त्यावर बोट ठेवलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघून विचारलं,

"बाई, हे सगळं कबूल आहे ना तुम्हाला?"

दोन महिन्यांत माझ्या तोंडाला एक वळण पडून गेलं होतं.

"हो साहेब," मी हात जोडून म्हणाले, "माझंच चुकलं."